फेरभरणी

आमच्या मंडळातला सगळ्यात तरुण सभासद एकसष्ट वर्षांचा आहे आणि त्याला आम्ही अजून 'बारक्या' म्हणतो. यावरून मंडळाचं भवितव्य काय असेल ते तुम्हीच ओळखा.

कोयना मंडळ हे आमचं नाव. धरणाशी किंवा नदीशी आमचा काडीचा संबंध नाही. १९८५ साली कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये 'कोयना-४८' नावाचा घरगुती संगणक तयार व्हायचा. राखाडी डबा, रबरी कळा, आणि मेमरी एवढी की आज तुमच्या चपलेतल्या चिपला त्याहून जास्त असते. पडदा नव्हता, तो घरच्या टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर आणि गाण्यांची असते तसली कॅसेट. प्रोग्रॅम टेपवर जायचा तो आवाजाच्या रूपात, कर्कश चिरचिर करत. शेजारी विचारायचे, कुकर बिघडलाय का? कंपनी चार वर्षांत बुडाली, पण संगणक विकत घेतलेले लोक काही त्यातून बाहेर आले नाहीत. पन्नास वर्षं होत आली, आम्ही अजून सुटे भाग शोधतोय, कळांचे रबर ओतून घेतोय आणि कुणाचा कोयना जास्त मूळचा यावरून भांडतोय.

मी शैलजा खराडे. त्या शेडमध्ये कळा तपासण्याचं काम करायची, पुढं शाळेत संगणक शिकवला. मंडळातली मी एकुलती एक बाई. पुरुषांना वाटतं हा माझा मान आहे. मला वाटतं, बाकीच्या बायका शहाण्या होत्या.

मंडळ भरतं ते भूपाल मगदूम यांच्या राजारामपुरीतल्या घरी, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, अक्का. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण, त्यामुळे ऊन कलंडलं की कितीही रंगलेली चर्चा अक्का ताटं वाजवून मोडतात. कोयनाचं निम्मं डोकं अण्णांनी बांधलं होतं. 'रंकाळा' हा गेमही त्यांचाच. रंकाळा तळ्यात संध्यामठापासून शालिनी पॅलेसपर्यंत होडी न्यायची, वाटेत जलपर्णी चुकवायची. एवढंच. पण ही होडी वल्हवायला आजही पोलंड आणि ब्राझीलमधली म्हातारी माणसं रात्रीचा दिवस करतात.

आता आमची एक रीत सांगते. टेपवरचं चुंबकत्व हळूहळू विरतं. जपून ठेवलेली कॅसेटसुद्धा वर्षागणिक फिकी होत जाते. यावर उपाय एकच. प्रोग्रॅम संगणकात घ्यायचा आणि त्याच कॅसेटवर पुन्हा भरायचा, म्हणजे ती पुन्हा ताजी होते. आम्ही हे दर खंडेनवमीला करतो. सगळं उद्यमनगर त्या दिवशी लेथ आणि प्रेसला झेंडूच्या माळा घालतं, आम्ही कोयनाला घालतो. हळदकुंकू, नारळ, आणि मग दिवसभर चिरचिर. याला आम्ही फेरभरणी म्हणतो.

पहिली भरायची ती मानाची कॅसेट, म्हणजे 'रंकाळा'ची मूळ कॅसेट. ती अक्का स्वतः देवघरातून आणतात, तिला हळद लावतात, आणि दरवर्षी वेगळा सभासद आपल्या घरचा टेपरेकॉर्डर आणून ती भरतो. मान फिरता असतो, कुणी रुसायला नको. रघू इंगवल्यानं त्याच्या पाळीला दोन कॅसेटांचा रेकॉर्डर आणला होता, त्याला बेंदराच्या सणाला सजवलेल्या बैलासारखे गोंडे बांधून. आम्ही हसलो, पण कॅसेट दाबण्याआधी त्यानं तिला दोनदा नमस्कार केला, तेही पाहिलं. सभासद वारला तर त्याच्या पाळीला मुलगा नाहीतर सून बापाचा रेकॉर्डर घेऊन यायची. कुणाचीच पाळी कधी चुकली नाही.

नवख्या माणसाला वाटेल, एवढं कशाला? 'रंकाळा'च्या प्रती जगभर आहेत, हवी तेव्हा हवी तेवढी उतरवून घ्या. खरंय. पण त्या कॅसेटवर 'रंकाळा'च्या आधी दुसरं काहीतरी होतं.

अण्णा-अक्कांना एक मुलगी होती, त्रिशला. घरात शलू. नवीन टेपरेकॉर्डर आला तेव्हा पाच वर्षांची असेल. अक्का स्वयंपाकघरात आणि ही बाहेर माइक तोंडाशी धरून बसच्या कंडक्टरची नक्कल करायची. 'चला, पुढं सरका! बिंदू चौक, मिरजकर तिकटी, रंकाळा! आई, तिकीट काढलंस का?' अण्णांनी चार-पाच मिनिटं ते भरून ठेवलं होतं. मग एका दुपारी गेम पूर्ण झाला, घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि हाताला आली ती ही. पोर समोर नाचत होती, तिचा आवाज काय, उद्या पुन्हा भरता आला असता. त्यांनी गेम भरला. त्या गेमचं नाव 'रंकाळा' ठेवलं तेही तिच्यावरूनच.

पावसाळ्यात शलूला मेंदूज्वर झाला आणि ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर अक्कांनी विचारलं, शलूची कॅसेट कुठंय? अण्णा म्हणाले, "त्यावर आता रंकाळा आहे." हे मला अक्कांनीच एकदा सांगितलं. पुढं म्हणाल्या, "मग मी म्हटलं, असू दे. खाली ती आहे ना? मग ही कॅसेट मरू द्यायची नाही." त्या वेळी हे कुठल्याच विज्ञानात बसत नव्हतं. एका आईची समजूत होती आणि अण्णांनी ती मोडली नाही. दोन-तीन वर्षांनी कॅसेट फिकी झाल्यावर ती ताजी करायला त्यांनी सुरुवात केली, अक्कांसाठी. मंडळ नंतर जमलं, झेंडू आणि नारळ त्याहून नंतर आले.

आणि मग, गेल्या वर्षी, हिरकणी आली.

हिरकणी म्हणजे खरोखरच हिऱ्याची कणी, प्रयोगशाळेत वाढवलेली. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची नीटस जाळी. त्या जाळीत चुकून एखादा नायट्रोजनचा अणू शिरला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर त्या जागी हिरवा प्रकाश टाकल्यावर तांबडी चमक दिसते. जवळपास चुंबकत्व असेल तर ती चमक किंचित बदलते. असे लाखो दोष असलेली कणी टेपवरून अगदी हलकेच फिरवली की टेपवरच्या चुंबकत्वाचा नकाशा मिळतो, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतका बारीक.

आता टेपरेकॉर्डरची गंमत बघा. त्याचं हेड टेपवर एक पट्टा ओढतं, आपण भिंतीवर रोलरनं रंग ओढतो तसा. नवा रंग जुन्यावर बसतो, पण अगदी तंतोतंत नाही. टेप धावताना केसभर वरखाली होते, आणि कडेला जुन्या रंगाची एक रेघ उरते. रेकॉर्डरच्या हेडला ती रेघ वाचता येत नाही. हिरकणीला येते. म्हणजे तुम्ही जे पुसलं असं समजत होता, ते पुसलेलंच नव्हतं.

लोकांना वेड लागायचं बाकी राहिलं. माळ्यांवरून कॅसेटी उतरल्या. गडहिंग्लजच्या एका माणसाला सिनेमाच्या गाण्यांखाली त्याच्या बापानं केलेली वाटणीची बोलणी सापडली आणि दोन भाऊ कोर्टात गेले. कुणाला आजोबांची भूपाळी मिळाली, कुणाला वहिनीच्या तोंडच्या शिव्या. आणि आम्हाला भाव आला! चिकटलेली टेप कशी सोडवायची, बुरशी कशी काढायची, हे कोल्हापुरात आमच्याशिवाय कुणाला येत होतं? अण्णांच्या दारात रांग लागायला लागली. इंगवले तर इस्त्रीचे शर्ट घालायला लागला.

अक्कांनी हिरकणीची बातमी फोनवर पाहिली त्या रविवारी मी तिथंच होते. त्या देवघरात गेल्या, कॅसेट घेऊन आल्या आणि अण्णांच्या मांडीवर ठेवली.

"काढा आता तिला बाहेर," त्या म्हणाल्या.

मी अक्कांना चाळीसहून जास्त वर्षं ओळखते. त्या रडारड करणाऱ्या नाहीत, आशेवर जगणाऱ्याही नाहीत. मुलगी गेली, तिच्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही, आणि त्यांनी आमच्यासारख्या येड्यांना चहा पाजत आयुष्य काढलं. पण त्या दिवसापासून बाई बदलली. कानाचं यंत्र बसवून घ्या म्हणून अण्णा किती वर्षं मागे लागले होते, दाद देत नव्हत्या. आता स्वतः रिक्षा करून गेल्या आणि बसवून आल्या. निपाणीच्या बहिणीला फोन केला, शलूचा आवाज ऐकायला ये म्हणून. मला हे बघून भीती वाटली, ती का वाटली हे तेव्हा सांगता आलं नसतं.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत हिरकणीचं काम डॉक्टर नाझनीन मुल्ला बघायच्या. कागलची मुलगी, तिशीची, बोलणं मोजकं. अण्णा, मी आणि इंगवले कॅसेट घेऊन गेलो. अक्का आल्या नाहीत. म्हणाल्या, तिथं नको, माझ्या घरात ऐकणार.

नाझनीननं आधी सगळं विचारून घेतलं. मूळ आवाज कुठल्या रेकॉर्डरवर भरला, गेम कुठल्या.

"दोन्ही एकाच," अण्णा म्हणाले.

"मग काळजी नको. रेघ बारीक असेल, पण असेल. त्यानंतर कॅसेटवर परत काही भरलंय?"

"तोच गेम. दरवर्षी. ताजी ठेवायला."

"हरकत नाही," ती म्हणाली. "त्याच रेकॉर्डरवर भरत आला असाल तर त्याचं हेड त्याच वाटेनं जातं. कडेची रेघ तशीच राहते. फक्त..."

"एकाच रेकॉर्डरवर?" इंगवले मध्येच बोलला. छाती पुढं काढून. "अवो म्याडम, एकाच कशाला? मानाची कॅसेट हाय ती! दरसाल नवा मानकरी, नवा रेकॉर्डर. माझा, बारक्याचा, शिकलगाराचा, समद्यांचा हात लागलाय तिला. एकसुद्धा घर ऱ्हायलं न्हाई!"

नाझनीननं लिहिणं थांबवलं. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा टेबलाच्या कडेला बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी कोयना बांधला होता, त्यांना कळणारच.

दोन रेकॉर्डरांची हेडं कधी एका रेषेत नसतात. एकाचं केसभर वर, दुसऱ्याचं केसभर खाली, तिसऱ्याचं तिरकं. एक रंगारी एकाच रोलरनं कितीही वेळा भिंत रंगवू दे, कड सुटतेच. पण दरवर्षी नवा रंगारी नवा रोलर घेऊन आला, तर काय सुटणार? आमच्यातल्या प्रत्येकानं, स्वच्छ हातानं, हेड स्पिरिटनं पुसून, शलूची थोडी थोडी कड घेतली होती.

"स्कॅन तर करू," नाझनीन म्हणाली.

आठवड्यानं तिनं बोलावलं. पडद्यावर रंगीत पट्ट्यांचं चित्र होतं. तिनं एकेक पट्टी दाखवली. ही तिरकी, ही जाड, ही खालच्या अंगाला झुकलेली. इंगवल्याला त्यातली आपली पट्टी ओळखू आली. वारलेल्या शिकलगाराचीही आली, त्याचा रेकॉर्डर कायम डावीकडे ओढायचा. आमचं सगळं मंडळ त्या टेपवर होतं, मेलेलं आणि जिवंत. सगळ्या पट्ट्यांत 'रंकाळा' होता.

"एका ठिकाणी काहीतरी आहे," ती म्हणाली. "डोळ्याची पापणी लवते एवढ्या वेळेचं. ते मूल असेल, भांडं असेल, दार असेल. मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

तिनं ते ऐकवलं. 'टक्' असं काहीतरी झालं. आम्ही तिघंही पुढं वाकून बसलो होतो, तसेच बसून राहिलो.

बाहेर चहाच्या गाड्यावर इंगवले रडायला लागला. सत्तरीचा माणूस, हातात कप, शर्ट इस्त्रीचा. "मी गोंडं बांधलं हुतं वो," म्हणाला. त्याला गप्प करा म्हणून मी अण्णांकडे पाहिलं, तर अण्णांचा चेहरा भिंतीसारखा.

"तिला सांगायचं नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणजे काय? त्या वाट बघतायत."

"सांगायचं नाही, शैला."

"अक्का काय कुक्कुलं बाळ आहेत का? काही निघालं नाही म्हणून सांगा. त्यांनी आजवर काय कमी सोसलंय?"

"आणि का निघालं नाही म्हणून विचारलं तर?" अण्णा म्हणाले. "ती विचारणार. कॅसेट मरू द्यायची नाही, हे तिचे शब्द आहेत. दर खंडेनवमीला देवघरातून तिनं आणली, तिनं हळद लावली, तिनं दिली. काय सांगू? तुझ्याच हातानं?"

 मला राग आला होता, आणि कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

यावरचा तोडगा बारक्यानं सुचवला. भल्या मनानं सुचवला, त्याला नावं ठेवत नाही. हिरकणीतून निघणारे आवाज बहुतेक तुटक असायचे. ते जोडायला 'पूर्ती' नावाचा प्रोग्रॅम होता. उरलेला तुकडा द्यायचा, माणसाची माहिती द्यायची, आईबापांचे आवाज द्यायचे, की मधलं सगळं तो अंदाजानं भरतो. लोकांना हे माहीत असून माहीत नसायचं. परत आलेल्या आजोबांची भूपाळी ऐकून लोक रडायचे, तीत आजोबा मुठीएवढे आणि पूर्ती खंडीभर. नाझनीनला विचारलं तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "तुमच्याकडे तुकडाच नाही. तो जे देईल ते निव्वळ बनवलेलं असेल. मी करणार नाही."

अण्णांनी घरीच केलं, अक्का बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हा. कंडक्टरची सगळी वाक्यं त्यांना पाठ होती, अक्कांनी इतक्या वेळा सांगितली होती. ती टाकली. अक्कांचा आवाज दिला, स्वतःचा दिला. मग पूर्तीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. अण्णांचा मला फोन आला.

"शैला, तू शलूला पाहिलं होतंस ना? कारखान्यात, पूजेला?"

"एकदा. का?"

"आवाज कसा होता गं तिचा? तो विचारतोय. बारीक, मध्यम की घोगरा?"

"अण्णा, तुम्ही बाप तिचे."

पलीकडून त्यांनी तो प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. मग म्हणाले, "मी आठवतोय. मला तिचं नाचणं दिसतं. ओठ हलताना दिसतात. आवाज येत नाही."

"अक्कांना विचारा."

"कसं विचारू?" ते म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांनी 'बारीक' निवडलं. लहान मुलींचे आवाज बारीकच असतात, असं म्हणाले नंतर.

रविवारी दुपारी मंडळ भरलं. निपाणीची बहीण आली होती. अक्कांनी हिरवी इरकली साडी नेसली होती, कानात यंत्र, खुर्ची स्पीकरच्या अगदी जवळ. मी जायचं नाही ठरवलं होतं, पण गेले. अण्णांनी बटण दाबलं. आधी थोडी खरखर, जुन्या टेपची, तीही पूर्तीनं घातलेली. मग एक पोर बोलली.

'चला, पुढं सरका! बिंदू चौक, मिरजकर तिकटी, रंकाळा! आई, तिकीट काढलंस का?'

इतकं गोड होतं की मीही खुर्ची पुढं ओढली. बहीण हुंदके द्यायला लागली. इंगवल्यानं डोळ्यांना रुमाल लावला. एक क्षण मला वाटलं, जमलं बहुतेक. खोटं तर खोटं, एका बाईला समाधान मिळतंय, आपण कोण न्यायाधीश?

अक्का रडल्या नाहीत.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

अण्णांनी लावलं. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा लावलं. संपलं तेव्हा खोलीत सगळे अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी यंत्र कानातून काढलं आणि ओटीत ठेवलं.

"गोड आहे पोर," त्या म्हणाल्या. "कुणाची?"

"अगं, शलू आहे ती," अण्णा म्हणाले. आवाज फुटला त्यांचा.

"शलूचा आवाज घोगरा होता," अक्का म्हणाल्या. रागानं नाही, पोराला गणित समजवावं तशा. "दूधवाला दारातून विचारायचा, आत कोण पोरगा आहे का म्हणून. तुम्ही कारखान्यात असायचा. तुम्हाला कुठनं माहीत असणार?"

मग उठल्या. "ऊन चाललंय. ताटं घेते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही चपला घालून एकेक करून बाहेर पडलो. 

अण्णांनी त्या संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. हिरकणीचं, हेडांचं, मानाचं, हळदीचं. काही लपवलं नाही. अक्का फक्त 'बरं' म्हणाल्या. हे अण्णांनीच मला सांगितलं आणि विचारलं, बरं म्हणजे काय गं, शैला? मला काय माहीत? पण मला वाटलं, चला, सांगून झालं. यापेक्षा वाईट आता काही उरलेलं नाही. फिजिक्स मला थोडंफार कळतं, माणसं कळत नाहीत.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. अण्णा बाहेरच्या खोलीत बसून होते, समोर पेपर, उघडलेला नव्हता. अक्का स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मीही एक जुडी ओढून बसले. बराच वेळ आम्ही मेथीच्या भावाबद्दल आणि बहिणीच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

शेवटी मला राहवेना. "अक्का, तो आवाज मनातून काढून टाका. खोटा होता तो."

"खोटा आहे हे मला पहिल्या शब्दालाच कळलं की," त्या म्हणाल्या.

"मग तीनतीनदा कशाला ऐकलात?"

"वाटलं, एखादा शब्द तरी तिचा असेल. मधनं कुठंतरी." त्यांनी एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं. "ऐकायला नको होतं. चुकलंच माझं."

"तुमचं काय चुकलं त्यात?"

अक्कांनी निवडलेली मेथी बाजूला सारली. दारातून बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं, अण्णा ऐकत नाहीत ना म्हणून, आणि आवाज खाली आणला.

"तुला सांगतो," त्या म्हणाल्या. आमच्या कोल्हापुरात जुन्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात, पण अक्का एरवी तसं बोलायच्या नाहीत, अगदी आतलं काही सांगायचं असेल तेव्हाच. "कुणाला बोललो नाही आजवर. लोक खुळी म्हणतील. दुपारची भांडी आवरली की मी रोज ती कॅसेट ऐकायचो. इथं." त्यांनी मेथीनं हिरवी झालेली बोटं कपाळाला लावली. "सगळी. पहिल्यापासून. तिचा घोगरा आवाज, मध्येच खोकायची तो खोकला, माइक आपटला तो आवाज. मी आतनं ओरडायचो, शले, अभ्यास कर, तोसुद्धा. म्हणून तर मला स्वतःसाठी त्या हिरकणीची गरज नव्हती. बातमी बघितली तेव्हा वाटलं, सगळ्यांनी ऐकावं. यांनी ऐकावं. यांच्याकडं नव्हती ना ती."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आता सुरू केलं की ती दुसरी पोर बोलते," अक्का म्हणाल्या. "रोज बघतो लावून. वाट बदलून बघतो. खोकल्यापासनं सुरू करतो, मधनंच सुरू करतो. मी म्हणतो, शले, तू बोल, तुझ्या आवाजात बोल की बाळा. ती तोंड उघडते. आणि ही बोलते, बारीक."